खड्डे बुजवणारी बाई

झाडं लावणाऱ्या माणसांचे फोटो पेपरात छापून येतात. हातात फावडं, गळ्यात हार, दात बाहेर. धोंडेवाडीच्या भीमाबाईचा फोटो कधी आला नाही, कारण ती झाडं लावत नाही. झाडांसाठी खणलेले खड्डे ती बुजवते. आता असल्या बाईला कोण हार घालणार? गावात तिला 'झाडांची वैरीण' म्हणतात. ती समोरून आली की पारावरची रिकामटेकडी माणसं मुद्दाम विचारतात, "काय मावशी, आज किती वड मारले?" भीमाबाई थांबते, पदर खोचते आणि अशी काही उत्तरं देते की ती इथं लिहिण्यासारखी नाहीत.

धोंडेवाडी नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्या बदलल्यात, पाऊस मात्र होता तेवढाच आहे. गावाच्या उशाला हरणांचं अभयारण्य. अभयारण्य म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं गर्द झाडी येते, आणि इथं गाडीतून उतरल्यावर तो विचारतो, "जंगल कुठंय?" अहो, हेच ते! नजर पोचेल तिथवर गवत, मधे एखादी बोर, एखादी खुरटी बाभळ, बाकी सगळं आभाळ. काळविटाचं सगळं बळ डोळ्यांत आणि पायांत. लांडगा लांबून दिसला पाहिजे आणि धूम ठोकायला रान मोकळं पाहिजे. झाडीत कोंडलं तर ते फुकट मरेल. धोंडेवाडीतल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. शिकल्यासवरलेल्यांना समजवायचं म्हटलं की मात्र नाकी नऊ येतात.

त्या माळात ओढ्याच्या कडेला चार एकरांचा एक तुकडा आहे. त्याला 'बाळंतिणीचा पट्टा' म्हणतात. चहूबाजूंनी चुना फासलेले धोंडे. दसऱ्यानंतर वनखातं गावाला माळावरचं गवत कापू देतं. बायांची रांग सपासप विळे चालवत येते, धोंड्यांपाशी आली की विळे कमरेला खोचते आणि वळसा घालून पुढं जाते. त्या गवतात हरण्या वितात. तिथं विळा नाही, शेरडं नाही, मोठ्यानं बोलणंसुद्धा नाही. ही रीत कुणी घालून दिली कुणास ठाऊक. भीमाबाईला तिच्या सासूनं दाखवली, तिनं आपल्या पंकजाला दाखवली.

भीमाबाईच्या आयुष्याची वीस वर्षं ऊसतोडीत गेली. दसरा झाला की नवऱ्याबरोबर, गोरक्षबरोबर, गाडीत भांडीकुंडी टाकून निघायचं ते पाडव्याला परत. राहाता, कोपरगाव, नेवासा, सगळीकडचा ऊस तिच्या कोयत्याखालून गेला. गोरक्ष गेल्यावर तिनं कोयता खुंटीला लावला. पंकजा एस.टी.त कंडक्टर झाली आणि म्हणाली, "आई, आता बस कर." बसून करायचं काय? भीमाबाई माळावर जायला लागली. उन्हाळ्यात पाणवठे भरायचे, गवत गिळणारी वेडी बाभूळ मुळापासून उपटायची, वाऱ्यानं आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या गोळा करायच्या. तिच्या जोडीला आणखी पाच बाया आल्या. वनरक्षक वाल्मिकनं साहेबाकडं खटपट करून सहाही जणींना कार्डं मिळवून दिली. कार्डावर फोटो आणि खाली 'वन्यजीव स्वयंसेवक'. पगार नाही, भत्ता नाही. पण भीमाबाईनं ते कार्ड देवाच्या फळीवर ठेवलं आणि माळावर निघताना गळ्यात घालायला लागली.

मागच्या श्रावणात एका गुरुवारी ती पट्ट्याकडं गेली तर तिथं जेसीबी.

पिवळं धूड घरघरत होतं आणि गवताच्या पोटात ओळीनं खड्डे पाडत होतं. दोन हात रुंद, कमरेइतके खोल. धोंडे बाजूला ढकललेले. वाल्मिक खाली मान घालून उभा.

"आरं ए वाल्मिक, काय चाललंय ह्ये?"

"झाडं लावायचीत, आक्का. पाचशे. शहरातली संस्था हाय, रविवारी येनार. वरून मंजुरी आलीय."

"आन् जागा हीच घावली व्हय रं?"

"नकाशात रिकामी दिसली. सपाट हाय, वढ्याचं पानी जवळ हाय. मी बोललो साहेबांला. साहेब म्हनले, वाल्मिक, झाडाला न्हाई म्हननारा वनरक्षक मी पयल्यांदा बघतोय." वाल्मिक आणखी जवळ आला. "माजी बदली करतील, आक्का. दोन वर्सांनी कुठं घराजवळ बदलून आलोय."

नोकरी असलेल्या माणसाला किती ताणायचं हे भीमाबाईला कळतं. तिनं घरून फावडं आणलं, पाचही जणींना हाळी दिली आणि जेसीबी पुढं खड्डे पाडत असताना मागून बुजवायला सुरुवात केली. ड्रायव्हर मागं वळून बघतो तर सहा बायका! त्यानं कपाळावर हात मारला. अंधार पडेपर्यंत बायांनी चाळीस खड्डे बुजवले. मशीनच्या पुढं बायांचे हात किती पुरणार? शुक्रवारी साहेबाचा निरोप आला की, सरकारी कामात अडथळा आणला तर कार्ड जमा करावं लागेल आणि केसही होईल. पाचातल्या तिघी घरी बसल्या. त्यांनाही लेकरंबाळं आहेत, त्यांना बोल लावायचं कारण नाही.

त्या संस्थेचा रविराज म्हणून तरुण प्रमुख होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. पोरगं स्वतःच्या पगारातून रोपं घ्यायचं. भीमाबाईनं वाल्मिकच्या मोबाईलवरून त्याला फोन लावला.

"मावशी, झाड म्हणजे जीवन," तो म्हणाला.

"कुनाचं?"

"सगळ्यांचं."

"हरनाचं न्हाई. त्याचं जीवन गवात हाय. तू येकदा हितं यून बघ, बाळा, लेकरावानी सांगते तुला."

"रविवारी येतोच आहे, मावशी. तुमच्या हातानंच पहिलं रोप लावू." आणि त्यानं फोन ठेवला. भीमाबाईनं मोबाईल वाल्मिकला परत दिला. एवढ्या गोड आवाजाशी भांडायचं कसं, हे तिला कळेना.

रविवारी सकाळी आठला बस आल्या. सहा बस! तीनशे माणसं, सगळ्यांच्या अंगात हिरवे टी-शर्ट, टेम्पोत पाचशे रोपं, वड, करंज, गुलमोहर. मांडव, माईक, मोठे पाहुणे, आणि पाहुण्यांसाठी एका खड्ड्याभोवती रांगोळी. माळावर रांगोळी! माईकवरून गाणं लागलं तशा टिटव्या ओरडत उठल्या आणि घिरट्या घालायला लागल्या. कुणी तरी म्हणालं, "वा, पक्षीसुद्धा स्वागताला आलेत." अहो, त्यांची अंडी भुईवर असतात, त्या शिव्या देत होत्या!

भीमाबाई गळ्यात कार्ड घालून सरळ गेली आणि रांगोळीच्या खड्ड्यात उतरून बसली. गळ्यापर्यंत आत, पदर डोक्यावर, हाताची घडी.

"हं, लावा," ती म्हणाली. "माज्यावर लावा वड. पानी भरपूर घाला."

लोक हसले. रविराज धावत आला. "मावशी, असं काय करता? परवानगी आहे आमच्याकडं."

"तुज्याकडं कागुद हाय. मी हितं फुडं काय हुनार त्ये सांगतीया. ह्या पट्ट्यात हरन्या वितात. खड्ड्यात लेकरं पडतील. झाडं वाढली की लांडगा दिसायचा न्हाई. मी ल्हान हुते तवा ह्या माळाला माळढोक यायचा, मानसाच्या कमरंयेवढा पक्षी. सरकारनं पल्याडच्या माळावर झाडं लावली, झाडं मोठी झाली, माळढोक गेला. पुन्ना न्हाई आला. आता हरीन घालवायचंय का? मी उठनार न्हाई, जा!"

पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. कुणी तरी वाल्मिकला दटावलं, "हिला बाजूला घे." वाल्मिक दोन पावलं पुढं आला आणि थांबला. "न्हाई जमायचं, साहेब," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण त्या पोरानं ते म्हटलं, हे मला इथं नोंदवलंच पाहिजे.

आणि तेवढ्यात पट्ट्याच्या मधून एक कॉलेजची मुलगी पळत आली. सृष्टी तिचं नाव. ओढणीत काहीतरी गुंडाळून छातीशी धरलेलं, डोळ्यांत पाणी.

"सर! सर, बघा ना! गवतात एकटंच पडलं होतं. आई सोडून गेलीय त्याला. हलतसुद्धा नाहीये!"

ओढणीतून दोन कान आणि ओलं काळं नाक दिसत होतं. दोन-तीन दिवसांचं पाडस. झालं, सगळा जमाव तिकडं लोटला. मोबाईल वर झाले. कुणी बाटलीच्या टोपणात दूध ओतलं, कुणी म्हणालं गाडी काढा, डॉक्टरांकडं नेऊ. पाहुणे म्हणाले, "आणा इकडं, एक फोटो होऊ द्या, संदेश चांगला जाईल." सगळ्यांचे चेहरे मायेनं नुसते पाझरत होते.

भीमाबाई खड्ड्यातून कशी वर आली ते कुणाला कळलं नाही. माणसं कोपरानं सारत ती सृष्टीसमोर उभी राहिली.

"पोरी, कुनी सांगितलं तुला आई सोडून गेली म्हनून?"

"आजी, कोणीच नव्हतं तिथं..."

"माजी पंकजा पाच म्हैन्यांची हुती." भीमाबाईचा आवाज चढला. माईकची गरज पडली नाही. "राहात्याकडं ऊस तोडत हुतो. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून तिला निजवली आन् मी फडात शिरले. उसात शिरलेलं मानूस भायेरून दिसत न्हाई. शिर्डीला निघालेली येक बाई गाडीतनं उतरली. चांगल्या घरची, देवाची मानसं. बघितलं तर लेकरू रडतंय आन् आजूबाजूला कोनी न्हाई. तिला दया आली. उचलून घिऊन गेली! मी पाजायला आले तर झोळी रिकामी."

वर झालेले मोबाईल खाली आले. टिटव्यांचा आवाज तेवढा येत होता.

"अनवानी पळत सुटले. सांजच्याला रस्त्यावरच्या चौकीत घावली. हवालदार म्हनतो, तुजं हाय कशावरनं? माजं लुगडं छातीवर दुधानं भिजल्यालं. ती बाई माज्याकडं बघून म्हनली, असं लेकरू टाकून जातात का गं? मला त्या दिवशी बोलता आलं न्हाई. तीस वर्सं झाली. आज बोलते. बाई, मी टाकलं न्हवतं. ठिवलं हुतं! कामाला गेले हुते, येनार हुते. ही हरनी पन येनार हाय. ती तिकडं उबी हाय, तुमाला दिसत न्हाई व्हय?"

तिनं हात केला. तीनशे माणसांच्या माना वळल्या. दूर, उताराच्या वर, गवतात एक हरणी उभी होती. कान ताठ. पुढचा एक पाय उचलायची, आपटायची, चार पावलं पुढं यायची आणि माणसांची गर्दी बघून पुन्हा मागं जायची. सकाळपासून तिचं हेच चाललं असणार. कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

सृष्टी हुंदका देऊन रडायला लागली. भीमाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नगं. तुजं काळीज चांगलं हाय, म्हनून तर घात हुतो. कुटनं उचललंस, जागा ध्यानात हाय?"

"माझी पाण्याची बाटली तिथंच राहिलीय. हिरवी."

माणसाचा वास लागू नये म्हणून भीमाबाईनं हाताला माती आणि गवत चोळलं, मूठभर गवत धरून त्यात पाडस घेतलं आणि हिरव्या बाटलीपाशी जाऊन अलगद ठेवलं. परत आली ती थेट माईकपाशी. "आता सगळ्यांनी रस्त्याला जायचं. बसच्या मागं. बोलायचं न्हाई, गानं न्हाई. ती आल्याबिगर कुनी हलायचं न्हाई."

"आणि कार्यक्रम?" पाहुणे म्हणाले.

"तुमचा कार्यक्रम वर्सभर चालतो, दादा. ह्येचा आजच हाय."

पाहुणे गाडीत बसून निघून गेले. जाताना फोनवर बोलत होते, आणि ते काय बोलत होते ते पुढं कळलंच. रविराज घुटमळला. एकदा त्यानं टेम्पोतल्या रोपांकडं पाहिलं, एकदा हरणीकडं. मग स्वतः जाऊन माईकची वायर काढली.

तीनशे माणसं बसच्या मागं उन्हात बसली. एक तास गेला. काही जण कुरकुरले, "एवढ्या लांबून आलो आणि हे काय?" दीड तास झाला. हरणी उतरली. थांबत, हुंगत, वाऱ्याचा अंदाज घेत. पट्ट्याजवळ येऊन तिनं काहीसा आवाज केला असावा, कारण गवतातून पाडस उठलं. काडीसारखे पाय लटपटत ते आईच्या दिशेनं निघालं. पाच पावलं, सहा पावलं, आणि दिसेनासं झालं.

खड्ड्यात पडलं होतं.

हरणी खड्ड्याभोवती फिरायला लागली. वाकून आत बघायची, मागं सरायची, पुन्हा फिरायची. तीनशे माणसांच्या तोंडातून एकच 'अरेरे' निघालं. सृष्टी उठली तर भीमाबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं. "सगळी ग्येली तर ती कायमची पळंल. मी येकली जाते."

अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, ती गवतातून ओणवी होऊन, जवळजवळ रांगत गेली. हरणी उडी मारून लांब गेली, पण दिसेल इतपतच लांब. भीमाबाई खड्ड्यावर पोटावर आडवी झाली, आत हात घालून पाडसाला बाहेर काढलं, पाय चाचपले, काही मोडलं नव्हतं. त्याला गवतात ठेवून ती तशीच मागं आली. कोपरं सोललेली, कार्ड मातीनं भरलेलं. मग पुन्हा वाट बघणं. या खेपेला कुणी कुरकुरलं नाही.

दुपारी एकच्या सुमाराला हरणी आली. पाडसाला चाटलं, पुढं केलं. पाडसानं ढुशी मारली आणि त्याची इवलीशी शेपटी झपाझप हलायला लागली. बसच्या मागं एक धिप्पाड माणूस टोपीनं डोळे पुसत होता. भीमाबाई मात्र हसत होती. दोघं उताराच्या पलीकडं दिसेनाशी होईपर्यंत ती हसत होती.

त्यानंतर कुणीही सूचना दिली नाही. सृष्टी उठली, फावडं घेतलं आणि पहिल्या खड्ड्यात माती लोटायला लागली. मग रविराज. मग सगळे. ज्या फावड्यांनी झाडं लावायची होती त्यांनीच संध्याकाळपर्यंत खड्डे बुजले, धोंडे जागेवर आले. रविराज टेम्पोपाशी भीमाबाईला म्हणाला, "मावशी, या पाचशे रोपांचं काय करू हो?"

"शाळंच्या आवारात लावा, रस्त्याला लावा, गावात लावा की! मी झाडाची वैरीन हाय व्हय? माज्या दारात पत्र्याखाली उन्हाळ्यात जीव जातो. तीस वर्सं झाली, येक लिंब मागते समद्यांला."

टेम्पोत कडुलिंबाचं रोप नव्हतं. पुढच्या आठवड्यात रविराज मोटारसायकलवर कर्जतहून एक घेऊन आला आणि स्वतः तिच्या दारात लावून गेला.

आता सगळं गोड झालं असं समजू नका. पाहुण्यांनी केलेल्या फोनचं फळ महिन्याभरात आलं. भीमाबाईला चौकशीला बोलावलं. ऑफिसात साहेब, कारकून आणि दाराशी वाल्मिक. साहेब म्हणाले, "लेखी माफी द्या, विषय मिटवू. नाहीतर कार्ड ठेवून जा."

भीमाबाईनं गळ्यातलं कार्ड काढलं, पदरानं पुसलं आणि टेबलावर ठेवलं. "माफी न्हाई. हे घ्या. माळावर मी कार्डाच्या आदीपासनं जाते."

"मग जबाब तरी नोंदवा," साहेब त्रासून म्हणाले.

कारकुनानं पेन उघडलं. "खड्डे कुणी बुजवले?"

"मी."

"सोबत कोण होतं?"

"मी म्हनले ना, मी. पाचशेच्या पाचशे. माजंच नाव ल्ह्या."

"कारण?"

"बाळंतीन हुती तितं."

कारकुनानं कागदावरून पेन उचललं. "कोण बाळंतीण? नाव, गाव?"

भीमाबाई उठली. खुर्ची मागं सारली, पदर नीट केला. "नाव न्हाई तिला. म्हनून तर मी आले," ती म्हणाली, आणि दाराशी, वाल्मिकच्या पायापाशी काढून ठेवलेल्या वहाणा घालून बाहेर पडली. बाहेर ऊन होतं. एस.टी.ला अजून तासभर होता, तेव्हा ती चालतच निघाली, माळाच्या रस्त्यानं.